वाचकांचे प्रश्न : लहरी शोषणारं सिरॅमिक

गेल्या अंकात आम्ही विद्युतचुंबकीय लहरी शोषणाऱ्या सिरॅमिक नॅनोकॉम्पोझिटची ओळख करून दिली होती. फेराइट (लोहाच्या ऑक्साइडचं चुंबकीय सिरॅमिक), सिलिकॉन कार्बाइड, कार्बन यांची बारीक भुकटी रेझिनमध्ये किंवा दुसऱ्या सिरॅमिकमध्ये मिसळली की रडारच्या आणि मायक्रोवेव्हच्या लहरी परत फिरण्याऐवजी आत उष्णतेच्या रूपात जिरतात, असं त्या लेखाचं थोडक्यात सार. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबारकडून बरीच पत्रं आली. बहुतेकांनी एकच विचारलंय : "कोणती भुकटी चांगली?" त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. लहर कोणत्या फ्रिक्वेन्सीची आहे, आणि थराच्या मागे काय आहे? एका ठिकाणी उत्तम ठरलेली भुकटी दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी ठरते ती यामुळेच.

प्रश्न : मी एम.एस्सी.चा प्रकल्प करते आहे. निकेल-झिंक फेराइट वजनाने १० टक्के घेऊन इपॉक्सीत मिसळलं, २ मिमी जाडीची चकती केली. ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झमध्ये परावर्तन-घट (परत येणारी लहर किती कमी झाली तो आकडा) जेमतेम उणे ३ डेसिबल येते. मग १५ टक्के कार्बन नॅनोट्यूब घातल्या, तर आकडा आणखी बिघडला. फेराइटच्या क्ष-किरण आलेखात ३३.२ अंशांवर एक जादा शिखरही दिसतं. कुठे चुकतंय?
— विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : तीन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. एकेक सोडवू.

आधी प्रमाण. फेराइटची घनता साधारण ५.३, इपॉक्सीची १.१५. म्हणजे वजनाने १० टक्के फेराइट आकारमानाने जेमतेम अडीच टक्के होतं. लहरीला वजन कळत नाही, तिला जागा कळते. तुमची चकती तिच्या लेखी जवळपास कोरी इपॉक्सीच आहे. वजनाने ६० टक्के घ्याल तेव्हा आकारमानाचा चौथा हिस्सा फेराइटचा होईल. तिथून पुढे काही दिसायला लागतं.

आता जाडी. मागे धातूचा पत्रा असलेल्या थरात, लहरीची थराच्या आतली लांबी थराच्या जाडीच्या चौपट असते, त्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत जास्त शोषण होतं. सूत्र सोपं आहे : हवेतली तरंगलांबी भागिले चार, आणि त्याला पदार्थाच्या पराविद्युत स्थिरांकाच्या (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याच्या आकड्याच्या) वर्गमुळाने भागायचं (चुंबकीय पारगम्यता, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला मिळणारा तसाच प्रतिसाद, १ धरून). तुमच्या चकतीचा स्थिरांक ३.२ च्या आसपास असणार. २ मिमी जाडीला मग हे सर्वांत जास्त शोषण २१ गिगाहर्ट्झजवळ पडतं. तुमचं मोजमाप १२.४ ला थांबतं. परावर्तन-घटीच्या आलेखातली दरी आहे, पण तुमच्या आलेखाच्या बाहेर. स्थिरांक ९ पर्यंत नेलात तर १० गिगाहर्ट्झसाठी २.५ मिमी जाडी पुरते.

पण स्थिरांक वाढवून भागत नाही, क्षयही, म्हणजे लहर आत जिरवण्याचा गुणही, नेमका हवा. स्थिरांकाचा खरा भाग (ऊर्जा साठवणारा) ९ असेल तर काल्पनिक भाग (ऊर्जा जिरवणारा) ४ च्या जवळपास असला की पृष्ठभागावरचा अवरोध हवेच्या ३७७ ओहमशी जुळतो आणि लहर आत शिरते. क्षय कमी पडला तर लहर पत्र्यावर आपटून परत येते. जास्त झाला तर ती दारातूनच परतते. नॅनोट्यूब घातल्यावर नेमकं हेच झालं. या नळ्या लांब आणि सडपातळ असल्यामुळे बऱ्याचदा १ टक्क्याच्या आतच एकमेकींना टेकून सलग वाहक जाळं तयार होतं. १५ टक्क्यांना तुमची चकती धातूसारखी वागते. ०.५, १, १.५ आणि २ टक्के अशा चार चकत्या करा. नळ्या आधी अॅसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक बाथला अर्धा तास फिरवा, मग इपॉक्सीत घाला, अॅसिटोन पूर्ण उडू द्या आणि त्यानंतरच हार्डनर मिसळा. अॅसिटोन राहिलं तर बुडबुडे राहतात, आणि बुडबुडे म्हणजे स्थिरांकात घट.

एक गोष्ट प्रबंधात स्पष्ट लिहा. निकेल-झिंकसारख्या स्पिनेल (या नावाच्या स्फटिकरचनेच्या) फेराइटची पारगम्यता काही गिगाहर्ट्झच्या वर १ जवळ येते. त्यामुळे १० गिगाहर्ट्झला दिसणारं शोषण मुख्यतः पराविद्युत क्षयाचं असतं. चुंबकीय क्षयाचं श्रेय तिथे सरसकट देऊ नये. पारगम्यतेचा काल्पनिक भाग ऋण आला तर ती नवी भौतिकी समजू नका, ते बहुतेक वेळा मोजणीतल्या चुकीचं लक्षण असतं. नमुना वेव्हगाइडमध्ये (मोजणीच्या धातूच्या चौकोनी नळीत) सैल बसला की असं होतं. २२.८६ गुणिले १०.१६ मिमीच्या त्या खाचेत रुंद भिंतींलगत, म्हणजे वर आणि खाली, राहिलेली फट सर्वांत घातक, कारण विद्युतक्षेत्र त्याच दिशेने उभं असतं. पॉलिशपेपरवर घासून घट्ट बसवा, आणि नमुना आतल्या अर्ध्या तरंगलांबीइतका जाड ठेवू नका, तिथे गणित कोसळतं.

आता ते जादा शिखर. ३३.२ अंश म्हणजे हेमॅटाइट (लोहाचा लाल ऑक्साइड), स्पिनेलचं मुख्य शिखर ३५.५ जवळ असतं. भुकटीला लालसर झाक असेल तर शंकाच नको. १० ग्रॅम भुकटीसाठी हे प्रमाण घ्या : निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेट ६.१२ ग्रॅम, झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट ६.२६ ग्रॅम, फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट ३४ ग्रॅम, सायट्रिक आम्ल मोनोहायड्रेट २६.५ ग्रॅम. सगळं १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. अमोनिया थेंबाथेंबाने घालत पीएच ७ वर आणा. घाईने ओतलात तर तपकिरी साका बसतो, मग ते मिश्रण फेकून नवीन करावं लागतं. ८० अंशांवर ढवळत राहा. काही तासांत मधासारखा जेल होतो. तो एक लिटरच्या बीकरमध्ये घ्या, कारण २०० अंशांच्या आसपास तो फुगतो आणि स्वतःच पेटून राख होतो. तेव्हा नायट्रोजन ऑक्साइडचा तपकिरी धूर निघतो. हे काम फ्यूमहूडमध्येच (धूर बाहेर ओढणाऱ्या कपाटात), दार खाली ओढून.

राख खलून मिनिटाला ५ अंश या वेगाने ९०० पर्यंत न्या, तीन तास ठेवा. बहुतेक वेळा हेमॅटाइट पूर्ण प्रक्रिया न झाल्याने उरतं, त्यामुळे पुन्हा खलून पुन्हा भाजल्यावर जातं. न गेल्यास वजनं तपासा. फेरिक आणि झिंक नायट्रेट हवेतलं पाणी ओढतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली असेल तर तुम्ही मोजलेल्या ६ ग्रॅममध्ये धातू कमी आणि पाणी जास्त असतं. ११०० च्या वर मात्र नेऊ नका, जस्त उडून जातं. निकेलची संयुगं कर्करोगकारक आहेत. खलताना हातमोजे आणि एन-९५ मास्क लागतोच.

आणि उणे ६० डेसिबलच्या मागे लागू नका. उणे १० म्हणजे ९० टक्के शक्ती जिरली, उणे २० म्हणजे ९९ टक्के. त्यापुढची अरुंद खोल दरी जाडीत ०.१ मिमीचा फरक पडला तरी सरकते. उणे १० च्या खाली किती गिगाहर्ट्झचा पट्टा मिळाला, तो आकडा महत्त्वाचा.

प्रश्न : रडारला न दिसणाऱ्या विमानावर फेराइटचा रंग लावतात असं वाचलं. मग सिरॅमिक नॅनोकॉम्पोझिटची गरज काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : विमान लपवण्यात पहिला वाटा आकाराचा, पृष्ठभागांच्या कोनांचा. रंगाचा नंबर त्यानंतर. आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला रंग टिकतच नाही. इपॉक्सी दोन-अडीचशे अंशांना मऊ पडते, करपते. फेराइट तापलं की चुंबकत्व गमावतं. मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या आसपास, बेरियम हेक्साफेराइट ४५० च्या जवळ, निकेल धातू ३५८ ला. चुंबकीय क्षयावर उभं असलेलं सगळं गणित तिथे संपतं.

म्हणून गरम जागी सिलिकॉन कार्बाइड आणि त्याची भावंडं. यातला सुंदर मार्ग म्हणजे पॉलिमरपासून सिरॅमिक. पॉलिसिलाझेन नावाचा द्रव पॉलिमर साच्यात घट्ट करतात, मग नायट्रोजन किंवा आरगॉनमध्ये १००० अंशांना भाजतात. मिळतं ते काचेसारखं अस्फटिकी सिलिकॉन-कार्बन-नायट्रोजन. ते लहरीला बरंचसं पारदर्शक असतं. तेच १४०० ते १५०० अंशांना पुन्हा तापवलं की आत सिलिकॉन कार्बाइडचे नॅनोमीटर आकाराचे स्फटिक आणि मोकळ्या कार्बनचे पापुद्रे उगवतात, आणि शोषण सुरू होतं. भाजण्याचं तापमान म्हणजे शोषणाचा नॉब. अडचण आकसण्याची : प्रत्येक बाजू साधारण चौथ्या हिश्श्याने कमी होते, जाड तुकडा तडकतो. म्हणून त्यात आधीच भाजलेली भुकटी भरतात किंवा तंतूंच्या विणीत पॉलिमर जिरवून चार-सहा वेळा भाजतात.

प्रश्न : आमचा प्लॅस्टिक पाइपचा छोटा कारखाना एमआयडीसीत आहे. एक्स्ट्रुडरची (प्लॅस्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या यंत्राची) मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) चालते. ड्राइव्ह सुरू झाली की बॅरलच्या तापमानाचे आकडे उड्या मारतात. पॅनेलला आतून लहरी शोषणारा रंग मारला तर थांबेल का?
— उद्योजक, जळगाव

उत्तर : नाही. पैसे वाया जातील. ड्राइव्हचा त्रासदायक गोंगाट बहुतांशी काही किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो. १ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३०० मीटर. तिच्यापुढे २ मिमीचा रंग नसल्यासारखाच. शिवाय हा गोंगाट हवेतून कमी आणि तारांमधून जास्त येतो.

सिरॅमिक मात्र तुमच्या उपयोगाचं आहे, फक्त वेगळ्या रूपात : फेराइटची रिंग. पण क्रम पाळा. आधी मोटरची केबल शिल्डवाली (धातूच्या जाळीचं वेष्टन असलेली) घ्या आणि शिल्ड दोन्ही टोकांना, ड्राइव्हच्या प्लेटवर आणि मोटरच्या ग्लँडमध्ये, सगळ्या बाजूंनी पकडणाऱ्या क्लॅम्पने बसवा. शिल्ड पिळून त्याची शेपटी करून स्क्रूखाली दाबणं ही आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक आहे. उच्च फ्रिक्वेन्सीला ती शेपटीच अडसर होते. थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या संवेदकाची) तार मोटरच्या केबलपासून फूटभर लांब ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ती सेकंदाला किती वेळा वीज चालू-बंद करते तो आकडा) ८ वर असेल तर ४ किलोहर्ट्झवर आणा. मोटर थोडी जास्त गुणगुणेल, आकडे शांत होतील. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

मग रिंग. बाजारात मिळणारी क्लिपवाली काळी मणीरिंग निकेल-झिंकची असते, ती २५ मेगाहर्ट्झच्या वर कामाची. तुमच्या १ मेगाहर्ट्झच्या गोंगाटाला तिचा जवळपास उपयोग नाही, आणि "रिंग लावली पण फरक पडला नाही" या तक्रारीचं कारण हेच. मँगनीज-झिंकची मोठी रिंग मागा. मोटरच्या तिन्ही फेज एकत्र त्यातून न्या, अर्थची तार रिंगच्या बाहेरून. थर्मोकपलच्या दोन्ही तारा मिळून वेगळ्या रिंगवर तीन ते पाच वेढे द्या. अवरोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन वेढे म्हणजे नऊपट. फार वेढे मात्र नकोत, तारा एकमेकींशी कपॅसिटरसारख्या जुळतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला वाट मोकळी होते. मोटरकडची रिंग हाताला चटका देण्याइतकी तापत असेल तर ती संपृक्त होते आहे. वेढे वाढवू नका, शेजारी आणखी एक-दोन रिंगा लावा. मँगनीज-झिंक थोडं वीजवाहक असतं, म्हणून उघडी तार त्याला टेकू देऊ नका.

प्रश्न : आम्ही केळी पिकवतो. घड काढल्यावर खांब शेतातच कुजतात. त्यांच्या कोळशापासून लहरी शोषणारा माल होतो असं ऐकलं. खरं आहे का, आणि परवडेल का?
— शेतकरी, रावेर

उत्तर : खरं आहे. परवडण्याचं पुढे सांगतो.

खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. १० किलो ओल्या खांबातून किलोभराच्या आत वाळलेला माल आणि त्याचा कोळसा पाव किलोच्या आसपास. सोपटं उन्हात कडक वाळवून, तुकडे करून, झाकणबंद भांड्यात हवा न लागू देता ७०० अंशांवर दोन तास भाजायचे. तापमानाला इथे फार महत्त्व आहे. ५०० ला कोळसा जवळपास विद्युतरोधक राहतो, शोषण नगण्य. ९०० च्या वर तो इतका वाहक होतो की लहर परतवतो. खांबात पोटॅशियम भरपूर. ते भाजताना कोळशाला छिद्रं पाडतं, ही फायद्याची गोष्ट, पण नंतर राहिलं तर ओल ओढतं. म्हणून एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात धुवून, पाणी उदासीन होईपर्यंत खळबळायचं. मग खलून, चाळून, मेणात किंवा इपॉक्सीत वजनाने १५ ते २५ टक्के.

प्रयोगशाळेला नमुना देण्याआधी कोळसा ११० अंशांवर रात्रभर वाळवा. पाणी स्वतःच मायक्रोवेव्ह जोरात शोषतं. ओल्या कोळशाचे आकडे छान येतात आणि उन्हाळ्यात तो माल नापास होतो.

परवडण्याबद्दल : लहरी शोषणाऱ्या मालाचे गिऱ्हाईक थोडे, आणि ते भाव बघण्याआधी प्रत्येक पोत्यात तेच आकडे येतात का हे बघतात. जमीन, पाणी, जात, ऋतू बदलला की राख बदलते. आज घरी भट्टी घालण्याऐवजी खांबाचा धागा काढणाऱ्याला माल देणं किंवा खत करणं शहाणपणाचं. विद्यापीठातला एखादा गट संशोधनासाठी वाळलेली सोपटं मागत असेल तर जरूर द्या, आणि कोणत्या शेतातली, कोणत्या महिन्यातली ते पिशवीवर लिहून द्या. त्यांना त्याची खरी किंमत असते.

प्रश्न : घरगुती मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची छोटी भट्टी मिळते, तिच्यात चांदी-सोनं वितळतं म्हणतात. धातू मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या मारतो ना? मग हे कसं?
— सुवर्णकार, जळगाव

उत्तर : तिथे सोनं तापवतं ते सिरॅमिक. मायक्रोवेव्हच्या २.४५ गिगाहर्ट्झला लहर सोन्यात दीड मायक्रॉनच शिरते आणि परतते. भट्टीची बाहेरची पांढरी भिंत अॅल्युमिना-सिलिका तंतूंची, थंड असताना लहरीला पारदर्शक. आतल्या बाजूला किंवा मुशीतच सिलिकॉन कार्बाइड असतं, ते पहिल्या मिनिटापासून लहर शोषून लाल होतं आणि मुशीतल्या धातूला उष्णता देतं. चांदीला ९६२, शुद्ध सोन्याला १०६४ अंश लागतात. २२ कॅरटला त्याहून कमी.

दहा-वीस ग्रॅमच्या नमुन्याला हे ठीक. बिघडतं ते असं : भट्टी काचेच्या तबकडीवर थेट ठेवली तर काच तडकते, खाली दोन-तीन सेंटिमीटर उंचीचे अग्निविटेचे तुकडे हवेत. टाकणखार वितळून सिलिकॉन कार्बाइडच्या लेपाला खातो, म्हणून धातू आणि टाकणखार आतल्या वेगळ्या ग्रॅफाइटच्या मुशीत घ्या. लेपाला भेग पडली की एका बाजूला पांढरट तेजस्वी ठिपका दिसतो. तिथे भिंत वितळायला लागलेली असते, लगेच बंद करा. तापमान बघायला ओव्हनला भोक पाडू नका. आत साधं थर्मोकपलही घालू नका, ते अँटेनासारखं वागतं. भट्टीचे तंतू फुप्फुसाला वाईट, हाताळताना मास्क लावा. तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

रोज शंभर ग्रॅमच्या पुढे काम असेल तर इंडक्शन किंवा विजेची भट्टीच घ्या. तापमानावर ताबा राहतो आणि घट कमी येते.

प्रश्न : मोबाइलच्या मागे चिकटवायचा "रेडिएशन शोषणारा" सिरॅमिक स्टिकर घ्यावा का?
— गृहिणी, धुळे

उत्तर : घेऊ नका. नाण्याएवढा तुकडा अँटेनाच्या सगळ्या बाजूंनी जाणाऱ्या लहरी अडवू शकत नाही. आणि खरोखर अडवल्या, तर टॉवरशी संपर्क टिकवायला फोन शक्ती वाढवतो, बॅटरी लवकर उतरते. भारतात फोनच्या लहरींची शरीरात जिरणारी शक्ती एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून १.६ वॅट प्रतिकिलो ही मर्यादा २०१२ पासून आहे. तुमच्या फोनचा आकडा तारा-चौकट-०७-चौकट (*#07#) दाबल्यावर दिसतो. लहरी कमी करायच्या असतील तर इअरफोन वापरा, आणि रेंज कमी असेल तिथे लांबलचक बोलणं टाळा.

प्रश्न : नदीच्या वाळूत चुंबकाला चिकटणारे काळे कण मुलं गोळा करतात. त्यातून वर्गात लहर-शोषण दाखवता येईल का?
— शिक्षिका, शिरपूर

उत्तर : येईल. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेलं ते टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट आहे. चुंबकाला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून कण उचला, पिशवी उलटी करून सोडा. असं तीन-चार वेळा केलं की पांढरी वाळू निघून जाते. कण आणि साधी वाळू दोन्ही धुवून तव्यावर कोरडी भाजून घ्या, ओल राहिली तर पाणीच तापेल आणि निष्कर्ष चुकेल. दोन्ही गार होऊ द्या. सारख्या चिनी मातीच्या दोन वाट्यांत ५०-५० ग्रॅम घ्या. मायक्रोवेव्हमध्ये एका कोपऱ्यात अर्धा पेला पाणी ठेवा म्हणजे यंत्रावर ताण येत नाही. प्रत्येक वाटी त्याच जागी एकेक करून १५ सेकंद ठेवा आणि बंदुकीसारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान नोंदवा. काळी वाटी ठळकपणे पुढे जाईल. एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मॅग्नेटाइट पटकन तापतं आणि वाटी तडकू शकते. ओव्हन शिक्षकांनीच हाताळावा, मुलांनी आकडे फळ्यावर मांडावेत. पुढच्या तासाला कण आणि वाळू निम्मी-निम्मी, मग एकास चार अशी मिसळून तेच मोजा. प्रमाण बदललं की तापमानवाढ कशी बदलते, तो आलेख आठवीची मुलं सहज काढतील.